सिरॅमिकच्या शेगडीत ११० अंश धरून ठेवताना

मटणाची अख्खी मांडी सहा-सात तास धुरावर मुरवायची, तर आच ११० अंशांच्या आसपास सलग टिकायला हवी. अंड्याच्या आकाराच्या कामादो शेगडीला ते सहज जमतं, फक्त तिचा स्वभाव ओळखा. आतली हवा लवकर तापते, जाड भिंती उशिरा. पण भिंती एकदा १५० पर्यंत तापल्या, की हवा आत-बाहेर सोडणाऱ्या खालच्या-वरच्या झडपा मिटूनही तासभर आच उतरत नाही. म्हणून आच चढतानाच धरायची.

आधी काटा तपासा. झाकणावरचा थर्मामीटर काढून त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, ९८ च्या सुमारास उकळतं. माझा काटा ९१ दाखवत होता. मागचा नट पान्याने हळूच फिरवून ९८ वर आणला. सात अंशांची चूक सहा तास चालली असती! तरीही झाकणाजवळची आच आणि जाळीवरची आच सारखी नसते, म्हणून मी जाळीवर मांसाशेजारी वेगळा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, ठेवते.

कोळसा मी वखारीतून बाभळीचा आणते. चुरा चाळून काढा, नाहीतर तो खालच्या जाळीची भोकं बुजवतो आणि चौथ्या तासाला विस्तव गुदमरतो. मोठे तुकडे खाली, लहान वर, आणि भांडं भरून घ्या. कोळसा जास्त म्हणून आच जास्त होत नाही. आच ठरते हवेवर. पेटवायचं मात्र मधोमध, एकाच जागी. कापसाच्या दोन जाड फुलवाती गोडेतेलात भिजवून कोळशात मधोमध केलेल्या खड्ड्यात ठेवते, त्या दहा मिनिटं छान जळतात. रॉकेल अजिबात नको, त्याचा वास मटणाला लागतो.

मूठभर कोळसा लाल झाला, की आंब्याच्या वाळक्या लाकडाचे दोन-तीन ठोकळे त्याच्या आजूबाजूला खोचा. मार्केट यार्डातल्या पेट्यांच्या फळ्या वापरू नका, त्यांत खिळे असतात आणि लाकूड कसलं ते कळत नाही. वर आच अडवणारी सिरॅमिकची तबकडी, मग जाळी, मग झाकण.

आता झडपा. दोन्ही उघड्या ठेवून काट्याकडे लक्ष द्या. ८० ला खालची झडप दोन बोटांवर आणा, वरची अर्धी. ९५ ला खालची करंगळीएवढी, वरची जेमतेम चीर. तिथून पुढे काटा आपोआप सरकत ११० कडे जातो. प्रत्येक शेगडीची माया थोडी वेगळी, पण नियम एकच: झडप रेसभर हलवली, की वीस मिनिटं हात लावायचा नाही. काटा पाच-सात अंश वरखाली झाला तर होऊ द्या. थंड मटण ठेवल्यावर तो पडतो, तेव्हा झडप उघडण्याचा मोह टाळा; भिंतीतली धग त्याला परत वर आणते.

मटण केव्हा ठेवायचं ते धूर सांगतो. सुरुवातीचा धूर पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा असतो; त्यात ठेवलेलं मांस कडवट लागतं. अर्ध्या-पाऊण तासाने तो विरळ होतो आणि उन्हात निळसर दिसतो. तेव्हा ठेवा.

आमच्या धायरीच्या गच्चीवर पश्चिमेचा वारा असतो, म्हणून खालच्या झडपेचं तोंड मी पूर्वेला ठेवते. पावसाळ्यात कोळसा झाकणाच्या पिंपात ठेवा. ओल धरलेला कोळसा आधी स्वतःला वाळवत बसतो. काचा लावलेल्या बाल्कनीत मात्र ही शेगडी कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मांसाच्या आतलं तापमान सत्तरीत अडकतं, कारण सुटणारं पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं. अशा वेळी आच वाढवू नका. आत ९२ झाले, की प्रोब लोण्यात शिरावा तसा शिरतो. झाकण आधी बोटभरच उचला, दोन क्षण थांबा, मग उघडा; एकदम उघडलं तर हवा आत घुसून भडका उडतो. मटण काढल्यावर दोन्ही झडपा बंद. विस्तव विझतो, उरलेला कोळसा राख झटकून पुढच्या वेळी चालतो.