बारावीनंतरचं ॲडमिशन: आई-बाबांनो, या चुका टाळा

आमच्या घरात चार वर्षांत दोनदा कॅप राउंड (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या जागावाटपाच्या फेऱ्या) झाले, आधी थोरलीचे आणि मग २०२५ ला धाकट्याचे. दोघंही इंजिनीअरिंगला, त्यामुळे एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), एफसी (फॉर्म तपासणारं केंद्र), व्हॅलिडिटी (जात पडताळणी), फ्रीझ (लागलेली सीट पक्की होणं), बेटरमेंट (सीट हातात ठेवून पुढच्या राउंडला वरचं मागणं) हे शब्द आमच्याकडे जेवताना सुद्धा चालायचे. थोरलीच्या वेळी माझ्या हातून बरंच चुकलं, त्याचा त्रास तिला झाला, आणि आता ओळखीच्या घरांत बारावीची मुलं आहेत तिथे तेच परत होताना दिसतंय म्हणून हे लिहितेय.

बहुतेक घरात कामाची वाटणीच उलटी होते. कॉलेज कुठलं, ब्रांच कुठली यात आपण गळ्यापर्यंत उतरतो, आणि दाखले, तारखा, ओटीपी हे मात्र "आता मोठा झालायस, तुझं तू बघ" म्हणून सतरा वर्षांच्या पोरावर टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कागद आपले आणि पसंतीक्रम त्यांचा. खालच्या सगळ्या चुका यातूनच येतात.

दाखले निकालानंतर काढायला निघणं

नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावर (ओबीसीसारख्या गटातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत आहे हे सांगणारा) वैधतेची तारीख असते, ती ३१ मार्चची असते, आणि प्रवेशासाठी पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा दाखला लागतो, म्हणजे २०२६-२७ च्या ॲडमिशनला ३१ मार्च २०२७ पर्यंतचा. थोरलीच्या वेळी आमच्या फाइलमध्ये दाखला होता, लॅमिनेट करून ठेवलेला, मी निर्धास्त, तारीख कुणी बघितलीच नाही. फॉर्म भरला, एफसीने तपासला आणि त्रुटी काढून परत पाठवला. त्याचा मेसेज गेला माझ्या जुन्या नंबरवर, कारण फॉर्म सायबर कॅफेत बसून भरलेला आणि तिथे गडबडीत तोच नंबर दिला गेला. तीन दिवस आम्हाला पत्ताच नाही. मग सेतू, तहसील, परत सेतू, आणि ऐन जुलैत सगळा तालुका त्याच खिडकीवर. दाखला शेवटच्या दिवशी हातात आला. ते दिवस पोरगी न जेवता लॅपटॉपसमोर बसून होती आणि चूक शंभर टक्के आमची होती.

त्यामुळे एप्रिल लागला की एका रविवारी सगळे कागद जमिनीवर मांडून बसा. जातीचा दाखला, जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) असेल तर तो, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीट, एलसी. प्रत्येकावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर असलं तरी खिडकीवर तासभर जातो. व्हॅलिडिटीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, जुन्या पिढीतले पुरावे मागतात, पणजोबांच्या शाळेचा उतारा, कोतवाल बुक, असलं काय काय, ते गावाकडून आणायचं असतं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फतच टाकून द्या, बारावीचा निकाल लागल्यावर नको.

अजून एक, जेईई दिलेली असेल आणि एनआयटी वगैरेसाठी जोसाचं (आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं) काउन्सेलिंग पण करणार असाल तर तिकडे ओबीसीचा आणि ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला असावा लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही, दोन्ही वेगवेगळे काढायचे. हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

दाखला हातात नाही आणि फॉर्मची तारीख आली, मग काय? अर्ज केल्याची पावती असेल तर बऱ्याचदा पावतीवर फॉर्म घेतात, पण मूळ दाखला द्यायची शेवटची तारीख असते आणि ती चुकली की मुलाला ओपनमध्ये धरतात, लागलेली सीट पण जाऊ शकते. ती तारीख फ्रिजवर चिकटवा. आणि प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट लागली की त्याच दिवशी मुलाचं नाव, कॅटेगरी, मार्क, होम युनिव्हर्सिटी (बारावी ज्या विद्यापीठाच्या भागात झाली ते) सगळं तपासा, कारण हरकत घ्यायला मधले दोन-तीन दिवसच मिळतात, फायनल लिस्ट लागल्यावर कुणी ऐकत नाही.

नंबर आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हातात

लॉगिन, पासवर्ड, मोबाईल नंबर, ईमेल हे सगळं घरातलंच पाहिजे. कॅफेवाला, क्लासचे सर, किंवा "मी करून देतो सगळं" म्हणणारा एजंट, कुणाकडेही हे देऊ नका. ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाची यादी) लॉक होताना ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, तुमच्या पोराचं कॉलेज त्याच्या हातात असतं. धाकट्याच्या वेळी आम्ही घरातला एक नंबर फक्त याच कामाला ठेवला आणि तो फोन जूनपासून ॲडमिशन होईपर्यंत मी माझ्याजवळ ठेवला, रोज सकाळ-संध्याकाळ साइटवर लॉगिन करून स्टेटस बघायचं काम पण माझंच होतं, मेसेज येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही.

पर्सेंटाइलला टक्के समजणं

हे नातेवाइकांसाठी पण आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नाहीत. समजा ४ लाख मुलं पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) बसली, तर ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण ४ हजार मुलं आहेत, ९५ वाल्याच्या पुढे २० हजार आणि ९० वाल्याच्या पुढे ४० हजार. म्हणून ९९ आणि ९८ मधला एक पॉइंट कॉलेज बदलून टाकतो. परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते त्यामुळे मैत्रिणीच्या मुलाला तेवढेच मार्क असून पर्सेंटाइल वेगळा येऊ शकतो, त्यावरून घरात चौकशी लावू नका. आणि सीईटीच्या नादात बोर्ड सोडू देऊ नका, इंजिनीअरिंगला बारावीत ओपनला ४५ टक्के आणि मागासवर्गीय, ईडब्ल्यूएसला ४० टक्के लागतातच, एनआयटीचा विचार असेल तर ओपन, ओबीसीला बोर्डात ७५ (किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नंबर).

पसंतीक्रम आपण भरणं

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

आधी हे समजून घ्या की सीट लावताना कॉम्प्युटर तुमच्या मुलाची यादी वरून खाली वाचतो आणि त्याच्या मेरिटला जे पहिलं उपलब्ध असेल ते देतो. वरती पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय टाकलं आणि ते नाही लागलं, तर त्यामुळे खालच्या कॉलेजचा हक्क कमी होत नाही. "वर मोठी नावं टाकू नको, खालचं पण जाईल" हा सल्ला मला स्वतःला तिघांनी दिला होता, तिघंही शिकलेले, आणि तो साफ चुकीचा आहे. यादी मनाच्या क्रमाने लावायची, सगळ्यात आवडतं सगळ्यात वर, कट-ऑफ बघायचा तो यादी खाली किती लांब न्यायची हे ठरवायला. ३०० पर्यंत ऑप्शन टाकता येतात. पाच-सहा टाकून थांबू नका.

उलटी चूक तर अजून महाग पडते. २०२५ ला पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर सीट आपोआप फ्रीझ, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनमधलं लागलं तरी फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहामधलं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या वडिलांनी "सेफ" म्हणून घरापासून वीस मिनिटांवरचं कॉलेज एक नंबरला टाकलं, पुण्याची सगळी खाली. तिला पर्सेंटाइल चांगला होता, पहिल्याच राउंडला तेच लागलं आणि फ्रीझ झालं. ती सीट नाही घेतली तर पुढच्या राउंडमधून बाहेर. वडील तहसीलला गेले, एफसीला गेले, पण तिथली माणसं तरी काय करणार, यादी त्यांनी स्वतः दिलेली. मुलगी तिथे शिकतेय, नीट शिकतेय, पण वडिलांशी त्या विषयावर बोलत नाही. हे नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा सीईटी सेलच्या (ही सगळी प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या) साइटवरचं त्या वर्षीचं माहितीपुस्तक उतरवून घ्या आणि मुलासोबत बसून वाचा, यूट्यूबवरच्या मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबू नका.

बेटरमेंट घेतलं आणि पुढच्या राउंडला यादीतलं वरचं काही लागलं तर आधीची सीट गेली, परत मिळत नाही. म्हणजे यादीत वर असं एकही नाव नको जे लागल्यावर मुलगा म्हणेल "अरे हे नको होतं". हे त्याला एकेक नाव वाचून विचारा, "हे लागलं तर जाशील का?" बस, एवढाच प्रश्न. उत्तर त्याला देऊ द्या.

मी थोरलीला हा प्रश्न विचारलाच नाही. तिला सिव्हिल हवं होतं, दहावीपासून पूल आणि धरणं बघत बसायची, कोयनेला नेलं तर तासभर हलेना. मी म्हटलं सिव्हिलला नोकऱ्या नाहीत, साइटवर उन्हात मुलीने काय करायचं, आणि यादीतल्या वरच्या सगळ्या जागा कॉम्प्युटर ब्रांचने भरल्या. लागलं कॉम्प्युटर. पहिलं वर्ष ती कशीबशी रेटत होती, फोनवर नीट बोलायची नाही. वर्षअखेर जागा शिल्लक होत्या आणि मार्क बरे होते म्हणून ब्रांच बदलून मिळाली, तेव्हा तिचा आवाज फोनवर परत पहिल्यासारखा आला. प्रत्येकाला अशी जागा मिळत नाही. मला ते वर्ष अजून टोचतं.

पैशाचं मात्र स्पष्ट बोला, लपवू नका. वर्षाला एवढे जमतील, हॉस्टेल धरून एवढे, हे यादी करण्याआधी सांगा म्हणजे मुलं त्याप्रमाणे बघतात, ती समजूतदार असतात. सगळं ठरल्यावर शेवटच्या रात्री "हे परवडणार नाही" असं करू नका.

फीच्या सवलती सोडून देणं

टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या जागा, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कुठल्याही कॅटेगरीला. पण त्या सीटचा चॉइस कोड (यादीत कॉलेज-ब्रांचसाठी टाकायचा नंबर) वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी अक्षर, आणि तो यादीत स्वतंत्र टाकावा लागतो. नुसता साधा कोड टाकला तर ती सीट मिळणारच नाही. तेच कॉलेज, तीच ब्रांच, दोन ओळी, आधी टी वाला कोड आणि त्याखाली साधा.

मुलींसाठी २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी या गटांत, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ती कॅपमधून घेतलेल्या ॲडमिशनलाच. राउंडला कंटाळून किंवा "मुलगी लांब नको" म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून जवळच्या कॉलेजात पैसे भरून टाकणारे पालक मी बघितलेत, आणि ही सवलत गेली हे त्यांना फी भरल्यावर कळलं. मुलीचं चार वर्षांचं शिक्षण अशा घाईत महाग करू नका.

सीट लागली आणि विसरलो

अलॉटमेंट आली, पेढे वाटले, आणि सीट ॲक्सेप्ट करून फी भरायची राहिली, असं खरंच होतं. ॲक्सेप्ट करणं वेगळं आणि नंतर मुदतीत कॉलेजात जाऊन मूळ कागद देऊन ॲडमिशन पक्कं करणं वेगळं. दोन्ही करायचं. आणि पैसे भरल्यावर दुसरीकडे चांगलं लागलं तर घाबरू नका, एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमाप्रमाणे ठरलेल्या तारखेच्या आत ॲडमिशन रद्द केलं तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकीची फी परत द्यावी लागते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

निकालाच्या दिवशी घरात काय बोलायचं

कमी बोला. थोरलीच्या निकालाला आमच्याकडे आत्या, काका, शेजारी सगळे जमले होते आणि ती मोबाईल घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसली. धाकट्याच्या वेळी कुणालाच तारीख सांगितली नाही. त्याने बघितलं, बाहेर आला, म्हणाला "कमी आलेत", मी थालीपीठ लावलं आणि त्याच्याशेजारी बसले. विषय त्याने स्वतः दुसऱ्या दिवशी काढला. ग्रुपवर कुणाचे किती ते वाचून दाखवू नका. ड्रॉप घ्यायचा का हे त्याच संध्याकाळी ठरवू नका.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, सगळं संपलं असं काही बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. ॲडमिशन राहू दे बाजूला.

कॉलेज बघायला त्यालाच घेऊन जा

जमलं तर ऑप्शन फॉर्मच्या आधीच दोन-तीन कॉलेजं बघून या. ऑफिसात माहितीपत्रक मिळेल, पण खरी माहिती कँटीनमध्ये सेकंड इयरची मुलं देतात, लॅब चालू असते का, शिक्षक टिकतात का, हॉस्टेलला पाणी येतं का. तिथे मुलालाच बोलू द्या, आपण लांब चहा घ्यायचा.

शेवटचं एक काम राहतं ते बँकेचं. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती आणि फी सवलतीच्या पोर्टलचे) पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, आणि बऱ्याच मुलांचं खातं अजून लहानपणीचं, आईच्या सहीचं असतं किंवा आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं असतं. ते मे महिन्यातच नीट करून घ्या, आणि फॉर्म दरवर्षी परत भरायचा असतो हे पण वहीत लिहून ठेवा. सहीपुरतं मुलाला न्यावं लागेल, बाकी त्या रांगेत आपण उभं राहायचं, तेवढ्यात त्याची यादी तो घरी बसून लावेल.