पानओव्याचा गालिचा करताना या चुका टाळा

कमी पाण्याच्या बागेत जमीन झाकण्यासाठी पानओव्यासारखी सुगंधी वनस्पती शोधून सापडणार नाही. तरीही पुण्यातल्या अनेक बागांत ती पहिल्याच पावसाळ्यात कुजते, कारण तुळस-पुदिन्याच्या कुळातली म्हणून तिला पुदिन्यासारखेच पाणी दिले जाते. पुदिन्याला सतत ओल लागते, तर पानओव्याची जाड, लवदार पाने स्वतःच पाणी साठवून ठेवतात.

त्यामुळे पान पिवळे दिसताच झारी उचलणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. आधी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती ओली असताना खालची पाने पिवळी, मऊ होऊन गळत असतील आणि बुंधा काळपट पडला असेल, तर ती मूळकूज आहे. अशा वेळी झाड वाचवत बसण्यापेक्षा वरचे निरोगी शेंडे कापून दुसरीकडे लावावेत. माती कोरडी आणि पाने लिबलिबीत, सुरकुतलेली असतील, तरच पाणी द्यावे.

टेकड्यांच्या पायथ्याची मुरमाड जमीन पानओव्याला मानवते. नदीकाठच्या काळ्या मातीत मात्र मुरूम मिसळून वाफा वीतभर उंच करावा. शेणखताचा मारा करू नये. फांद्या लुसलुशीत होऊन लोळतात आणि वासही फिका पडतो.

लागवड जूनमध्ये करण्याची घाई नको. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरीस, सुमारे 10 सेंटीमीटरची छाटकलमे खालची पाने काढून, काप एक दिवस सावलीत सुकवून, 30 सेंटीमीटर अंतरावर लावावीत.

एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या भिंतीलगत पाने लहान, तांबूस होतात. हा रोग नसून उन्हाचा ताण आहे. दुपारची सावली मिळाली की नवी पाने हिरवी येतात.

गालिचा म्हटले तरी यावरून चालता येत नाही, कारण फांद्या ठिसूळ असतात. छाटणी टाळल्यास मधला भाग उघडा पडतो, म्हणून शेंडे वरचेवर खुडावेत. त्या पानांची भजी होत असल्याने हे काम घरात कोणी ना कोणी आनंदाने करतेच. याच कारणासाठी पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके दिसले, तरी कीटकनाशक फवारू नये. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ते पुसून काढावेत आणि फार माखलेली फांदी कापून टाकावी.