तैनातीवरची घाई: या चुका टाळा

तैनातीत चकमकी कमी आणि वाट पाहणंच जास्त असतं. रसद येण्याची वाट, बदली तुकडीची वाट, हवा उघडण्याची वाट, सुट्टीच्या कागदाची वाट. कंटाळलेला माणूस मग म्हणतो, "चला, उरकून टाकू!" बरेचसे अपघात या उरकण्यातून होतात.

हत्यार रिकामं करताना क्रम चुकणं

पहारा संपवून आलेल्याचं लक्ष जेवणावर किंवा अंथरुणावर असतं. रायफल रिकामी करताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं, मग कॉक करून, म्हणजे बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) मागे खेचून, चेंबर (गोळी बसते ती नळीमागची जागा) मोकळं करायचं आणि डोळ्यांनी आत बघायचं. अंधार असेल तर बोटाने चाचपायचं. घाईत हे उलटं होतं. आधी कॉक केलं जातं, एक गोळी टणकन बाहेर पडते आणि काम झालंसं वाटतं. मॅगझिन नंतर निघतं. पण तोवर पुढे सरकलेल्या बोल्टने मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये बसवलेली असते. मॅगझिन हातात दिसतंय म्हणून चाप ओढला जातो आणि गोळी सुटते. जरा जरी शंका आली तरी पहिल्यापासून सुरुवात करा. सोबत्याने स्वतः आत पाहून "रिकामी" म्हणेपर्यंत नळीची दिशा बदलू नका.

उंचीवर दिवस वाचवायला जाणं

इथे सर्वात जास्त फसतात ते तरुण आणि तगडे. फिटनेस चांगला असला तरी विरळ हवेची सवय लवकर होत नाही. म्हणूनच भारतीय सैन्यात ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, पुढे १५,००० फुटांपर्यंत ४ दिवस आणि त्याहून वर आणखी ४ दिवस, अशा टप्प्यांनी माणसं चढवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळं वाटायला लागतं आणि कुणीतरी पळायला जातो, नाहीतर ओझी उचलतो. दुसरा एखादा डोकेदुखी लपवतो, कारण तुकडी पुढे जाईल आणि आपण मागे राहू ही भीती. मळमळ, डोकेदुखी किंवा झोप न लागणं यांपैकी काही असेल तर पुढची चढाई थांबवा आणि सांगून टाका. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला ओला झाला असेल, ओठ निळे दिसत असतील तर फुफ्फुसात पाणी होऊ लागलंय असं समजा. ऑक्सिजन द्या आणि ताबडतोब खाली उतरवा. एरवी धीर धरा म्हणणारा मी, इथे मात्र सकाळपर्यंत थांबू नका असंच सांगेन.

ताफा थांबला की लगेच उडी मारणं

तासन्‌तास गाडीत आखडून बसल्यावर पाय मोकळे करावेसे वाटणारच. तरीही आधी गाडीतूनच भोवतालची ५ मीटर जमीन न्याहाळा: उकरलेली माती, वायर, नवा वाटणारा दगड. उतरल्यावर २५ मीटरपर्यंत तपासा. पुढे कोंडी असली म्हणून मळलेली चाकोरी सोडून कडेने गाडी घालू नका. सुरुंग बहुधा तिथेच पेरलेले असतात. स्फोटानंतर मदतीला धावत सुटणंही घातक, कारण धावून येणाऱ्यांसाठी दुसरा स्फोट लावून ठेवलेला असू शकतो.

"फक्त दोन मिनिटं बोलतो"

१ जानेवारी २०२३ रोजी, नववर्षाच्या पहिल्या मिनिटांत, युक्रेनमधल्या पण रशियाच्या ताब्यातल्या माकिइव्का शहरात रशियन सैनिकांच्या मुक्कामाच्या इमारतीवर युक्रेनची रॉकेटं कोसळली. ८९ जण दगावल्याचं रशियाने मान्य केलं आणि बंदी असूनही झालेला मोबाइलचा वापर हे मुख्य कारण असल्याचं सांगितलं. एका इमारतीत इतकी माणसं कोंबणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. पण फोन चालू झाला की ठिकाण कळतं, मग बोलणं दोन मिनिटांचं असो की दोन तासांचं. परतीची तारीखही फोनवर सांगू नका. ती बदलली की घरचे कोलमडतात आणि बाहेर फुटली तर ताफ्याचा रस्ता उघड होतो.

परतल्याबरोबर गोळ्या बंद करणं

मलेरियाच्या भागात डॉक्सिसायक्लिन (मलेरिया टाळण्यासाठीची गोळी) सुरू असेल, तर तो भाग सोडल्यावरही ४ आठवडे रोज घ्यावी लागते. बॅग उघडली जाते, कपडे धुवायला पडतात आणि गोळ्यांची पट्टी कप्प्यात तशीच राहते. घरी आल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही ताप भरला, तर डॉक्टरांना आधी कुठून परतलात ते सांगा, बाकीची लक्षणं नंतर.