रस्त्याकडेच्या चार्जरसाठी अनुदान: प्रस्ताव पाठवण्याआधीची तयारी

आमच्या नगरपरिषदेने रस्त्याकडेला विजेच्या वाहनांचे चार्जर बसवण्यासाठी केलेला पहिला प्रस्ताव परत आला. त्याची कागदपत्रे मी जमवली होती. सहा जागा सुचवल्या होत्या; त्यांपैकी चार ज्या मुख्य रस्त्यावर होत्या तो रस्ता नगरपरिषदेचा नव्हताच. तो राज्यमार्ग होता, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यातला. त्यावरचे दिवे पालिकेचे, झाडलोट पालिकेची आणि पदपथावरचे पेव्हर ब्लॉकही पालिकेनेच बसवलेले, त्यामुळे सारे गाव त्याला पालिकेचा रस्ता म्हणत आले आणि मीही तपासण्याची तसदी घेतली नाही. ज्यांना असा प्रस्ताव करायचा आहे त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठी पुढील यादी लिहीत आहे.

पैसा कोठून येतो ते थोडक्यात सांगतो. विजेच्या वाहनांना चालना देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांपैकी २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंगसाठी राखलेले आहेत. एखाद्या पालिकेने किंवा व्यावसायिकाने थेट दिल्लीला अर्ज करून हे अनुदान मिळत नाही. मागणी राज्याने या कामासाठी नेमलेल्या नोडल यंत्रणेमार्फत एकत्रित होऊन जाते. त्यामुळे आपला कागद ज्या टेबलावर पोहोचतो तेथे शेकडो जागांचे कागद असतात आणि अपुऱ्या कागदासाठी कोणी फोन करून थांबत नाही.

पहिली गोष्ट म्हणून रस्त्याचा मालक कोण, हे लेखी मिळवावे. ठराव, नकाशे, अंदाजपत्रक, सारे त्यानंतर. शहरातून जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग असू शकतो, राज्यमार्ग असू शकतो किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असू शकतो. लहान गावांत इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. शहराची हद्द वाढली म्हणून रस्ता आपोआप पालिकेकडे वर्ग होत नाही, त्यासाठी हस्तांतरणाचा स्वतंत्र आदेश लागतो, आणि तो आदेश दाखवता येत नसेल तर रस्ता आपला नाही असे धरून चालावे. विकास आराखड्याची प्रत हा मालकीचा पुरावा नव्हे. आराखड्यातून रस्त्याची रुंदी कळते, ताबा कळत नाही. मी मात्र तीच प्रत जोडून निर्धास्त झालो होतो. बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात रस्त्यांची नोंद असते. तेथे जागेच्या नकाशासह अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तर लेखीच मागावे. तोंडी उत्तरावर एक पाऊलही पुढे जाऊ नये.

मालकीबरोबर हद्दही पाहावी लागते, कारण पदपथाचा अर्धा भाग एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा असे सर्रास आढळते. प्रस्ताव परत आल्यावर बांधकाम विभागाचे शाखा अभियंता मोजायला आले, तेव्हा त्यांनी रस्त्याच्या मध्यापासून टेप धरली आणि ती टेप आमच्या ठरवलेल्या खांबाच्या जागेवरून पुढे जाऊन पदपथ संपतो तेथे, गटाराच्या कडेला थांबली. मजुराने दोन पेव्हर ब्लॉक उचकटले, ओली वाळू हाताने बाजूला केली, आणि खाली हद्दीचा दगड निघाला. त्याच्या डोक्यावरचा जुना चुना अजून टिकलेला होता. तो दगड मी प्रस्तावाआधी शोधला असता तर पुढचे सात महिने वाचले असते.

मालकी एवढ्यासाठीही आधी ठरली पाहिजे की अनुदानाचा वाटा जागेवर अवलंबून आहे. शासकीय कार्यालये, शासकीय रुग्णालये, शैक्षणिक संस्था अशा आवारांत, चार्जर सर्वांना खुला ठेवण्याच्या अटीवर, वीजपुरवठ्याच्या पायाभूत कामाला आणि चार्जरला मिळून १०० टक्के अनुदान आहे. बस स्थानके, रेल्वे स्थानके, पालिकेचे वाहनतळ अशा जागी पायाभूत कामाला ८० आणि चार्जरला ७० टक्के. रस्त्याची कड आणि बाजारपेठा यांसारख्या इतर जागांना फक्त पायाभूत कामाचे ८० टक्के मिळतात, चार्जरसाठी काहीही नाही. आमच्या सहा जागांपैकी एक पालिकेच्या वाहनतळाच्या कुंपणाला लागून होती. कुंपणाच्या आत चार हात सरकवली असती तर चार्जरचा ७० टक्के खर्च निघाला असता. हद्द कोठे आहे हेच माहीत नसल्याने हा विचारही कोणाच्या मनात आला नाही. म्हणून पुन्हा सांगतो, आधी रस्त्याचा मालक, मग हद्द, मग जागा.

जागा निवडताना पदपथाची रुंदी मोजावी. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतांनुसार पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी वाट राहायला हवी, आणि हे अंतर चार्जरचा खांब, त्याचा चौथरा आणि टांगलेली केबल यांची जागा सोडून उरले पाहिजे. चार्जर दुकानांच्या बाजूला न बसवता रस्त्याच्या बाजूला, झाडे आणि दिव्याचे खांब ज्या पट्ट्यात असतात तेथे बसवावा, म्हणजे केबल चालणाऱ्यांच्या पायांत येत नाही. खाली गटार किंवा जलवाहिनी आहे का, हे पाणीपुरवठा विभागाच्या जुन्या कर्मचाऱ्याला सोबत नेऊन विचारावे, कारण नकाशात नसलेल्या वाहिन्या त्यांना ठाऊक असतात. पावसाळ्यात पाणी किती चढते तेही तेथल्या दुकानदारांना विचारून चौथऱ्याची उंची ठरवावी.

एक गोष्ट बहुतेक प्रस्तावांत राहून जाते. त्या रस्त्यावर सम-विषम तारखांचे पार्किंग असेल, तर चार्जर ज्या बाजूला आहे त्या बाजूला महिन्यातले निम्मे दिवस गाडी उभी करता येणार नाही. पैसे खर्चून बसवलेला चार्जर दिवसाआड बंद ठेवण्याला काही अर्थ नाही. वाहतूक पोलिसांकडून तेवढ्या जागेपुरती सुधारित अधिसूचना लागते. तो पत्रव्यवहार प्रस्तावाच्या वेळीच सुरू करावा आणि त्याची प्रत जोडावी.

आता वीज. किती भार लागेल ते चार्जरच्या प्रकारावरून ठरते, आणि येथे हौस आवरावी. ६० किलोवॅटचा एक जलद चार्जर म्हणजे ६३ केव्हीएच्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) जवळजवळ सगळी क्षमता. म्हणजे त्याच रोहित्रावर घरे आणि दुकाने असतील तर नवे रोहित्र आलेच. ७.४ किलोवॅटचे चार मंद चार्जर ३० किलोवॅटच्या आत बसतात आणि रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ते पुरतात, कारण ३० किलोवॅट-तासांची बॅटरी त्यांवर चार-साडेचार तासांत भरते. ज्या गावात दुचाकी जास्त आहेत तेथे सर्व जागी चारचाकीचे महागडे चार्जर मागणे मला चुकीचे वाटते. महावितरणकडे जागेवारीने अर्ज करून स्थळपाहणी करून घ्यावी आणि कोटेशन हाती घेऊनच अंदाजपत्रक बांधावे. नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर पालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे, पण ती वाहिनी वाढवायची नसेल किंवा रोहित्र बसवायचे नसेल तेव्हाची; त्या भरवशावर वेळापत्रक आखू नये.

केबल रोहित्रापासून चार्जरपर्यंत कोणत्या मार्गाने जाणार, हे नकाशावर लाल रेघेने दाखवावे, आणि त्या रेघेखालच्या प्रत्येक रस्त्याचा मालक पुन्हा तपासावा. चार्जर पालिकेच्या जागेत असला तरी केबल राज्यमार्ग ओलांडत असेल, तर बांधकाम विभागाची खोदाई परवानगी आणि पुनर्भरणाची रक्कम लागतेच. परत आलेल्या प्रस्तावात आमची पाचवी जागा याच कारणाने अडली होती, आणि त्या पत्रातला तोच शेरा मला सर्वांत जास्त लागला, कारण तो रस्ता मी रोज ओलांडतो. पावसाळ्याच्या तोंडावर खोदाईच्या परवानग्या थांबतात, हे धरून परवानगीचा अर्ज हिवाळ्यातच द्यावा.

ठराव सर्वसाधारण सभेचा असावा, त्यात जागांचे वर्णन रस्त्याचे नाव आणि हद्दीपासूनचे अंतर यांसह यावे. “बाजारपेठेत योग्य त्या ठिकाणी” असली वाक्ये खपवून घेऊ नयेत. प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी नेहमीप्रमाणे. चालवायला कंत्राटदार नेमणार असल्यास पालिकेचा महसुलातला वाटा आधीच ठरवावा. शासकीय जमिनीसाठी दर युनिटमागे १ रुपया हा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतला किमान दर आहे.

निविदेत सीसीएस-२ (चारचाकीच्या जलद चार्जिंगची जोडणी), टाइप-२ (मंद चार्जिंगची जोडणी) आणि हलक्या वाहनांची जोडणी यांपैकी काय हवे ते स्पष्ट लिहावे. ओसीपीपी प्रणालीची, म्हणजे चार्जर कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरशी जोडता येईल अशा खुल्या पद्धतीची, अट घालावी, नाहीतर कंत्राटदार बदलल्यावर यंत्र मुके होते. बाहेरच्या वापरासाठीची आयपी श्रेणी (पाणी-धुळीपासून संरक्षणाची), अर्थिंग, बिघाड किती तासांत दुरुस्त व्हावा याची मुदत आणि दंड, हेही त्यातच.

अनुदान एकदम मिळत नाही. ७० टक्के आणि ३० टक्के अशा दोन हप्त्यांत येते, आणि दुसरा हप्ता चार्जर प्रत्यक्ष सुरू झाल्यावर. तोवरचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून भागवणार ते लेखापालाला विचारून ठेवावे. विद्युत निरीक्षकांची तपासणी, अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे, उपयोगिता प्रमाणपत्र, हे शेवटी घाईने जमवायचे कागद नव्हेत. त्यांची नस्ती (फाइल) पहिल्या दिवसापासून उघडावी.

आणि त्या नस्तीत सर्वांत वर, ठरावाच्याही आधी, रस्त्याच्या मालकीचे पत्र लावावे. जावक क्रमांक, दिनांक आणि सही-शिक्का तपासावा. जागेचे वर्णन ठरावातल्या वर्णनाशी शब्दशः जुळते का ते दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावे. आमचा नवा प्रस्ताव पाच जागांचा आहे. सहाव्या जागेचे पत्र अजून आलेले नाही, म्हणून ती वगळली आहे.