मुतखडा: ऑपरेशनआधी आणि नंतर कोणती तपासणी, कधी

कमरेतून जांघेकडे कळ गेली की पहिली तपासणी बहुधा सोनोग्राफीच होते. भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून जा. मूत्राशय रिकामं असेल तर मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाचा खडा नीट दिसत नाही. नलिकेच्या मधल्या भागातला खडा तर आतड्यातल्या गॅसमुळे बरेचदा निसटतोच. म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी साधा सीटी स्कॅन करतात, म्हणजे शिरेतून औषध न देता. गरोदरपणात मात्र शक्यतो सोनोग्राफीवरच भागवतात.

सीटीच्या रिपोर्टमध्ये नुसते मिलिमीटर वाचू नका, हाउन्सफील्डचा आकडाही विचारा, म्हणजे खडा किती घट्ट आहे ते सांगणारं माप. तो १०००च्या वर असेल तर खडा कठीण. बाहेरून लहरींनी फोडताना सहसा दाद देत नाही, दुर्बिणीने काढणं बरं.

ऑपरेशनात डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती राहावी म्हणून मूत्रनलिकेत ठेवतात ती बारीक नळी, ठेवला असेल तर काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याच. ३ महिन्यांपलीकडे राहिला की त्यावर बरेच क्षार साचलेले असू शकतात, मग तो काढणं हेच नवं ऑपरेशन. उरलेले तुकडे एक्स-रेत शोधतात, पण युरिक अ‍ॅसिडचे त्यात दिसत नाहीत. स्टेंट निघाल्यावर ४ ते ६ आठवड्यांनी, दुखत नसलं तरी, सोनोग्राफी करा: नलिका आकसली असेल तर किडनी गुपचूप फुगते.