प्रो-ॲम स्पर्धेचा इतिहास लिहायला घेताना

गोल्फ क्लबचे सचिव तुम्हाला पहिल्याच भेटीत म्हणतील, "त्यात काय, विजेत्यांचा फलक आहे की भिंतीवर! उतरवून घ्या, चार फोटो टाका, झाली स्मरणिका." माझं अर्धं आयुष्य नाशकात स्मरणिका जुळवण्यात गेलंय. शाळांच्या, पतपेढ्यांच्या, तालमींच्या आणि एकदा गोल्फच्या. फलकाचा फोटो जरूर काढा, पण इतिहास तिथून सुरू करू नका. फलकावर नाव आणि वर्ष असतं. ते नाव नेमकं काय जिंकून तिथे गेलं, हे त्यावर कुणी लिहीत नाही.

प्रो-ॲममध्ये, म्हणजे व्यावसायिक आणि हौशी एकाच संघातून खेळतात त्या गोल्फ स्पर्धेत, तर हा घोळ जास्तच. एका संघात साधारणपणे एक व्यावसायिक आणि तीन हौशी खेळाडू. प्रत्येक होलला (चेंडू ज्यात घालायचा तो एकेक खड्डा) संघातले चांगले दोन नेट स्कोअर, म्हणजे सवलत वजा करून उरलेले फटके, धरायचे, अशी एक पद्धत. कुठे एकच धरतात, कुठे तीन. शिवाय व्यावसायिकांची आपापसातली वेगळी स्पर्धा त्याच दिवशी चालू असते, तिचं बक्षीसही वेगळं. म्हणजे एकाच वर्षाचे एकाहून जास्त विजेते असू शकतात आणि फलकावर जागा एकाचीच. म्हणून वहीत पहिल्याच दिवशी रकाने आखून घ्या: वर्ष, तारीख, मैदान, किती होल, पार (अपेक्षित फटके) किती, स्पर्धेची पद्धत, ग्रॉस, हँडिकॅप, नेट, आणि शेवटी 'ही माहिती कुठून मिळाली'. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि मग भांडणं होतात.

ग्रॉस-नेटचा हिशेब गोल्फ न खेळणाऱ्या लेखकानेही नीट समजून घ्यावा, त्याशिवाय सुटका नाही. ग्रॉस म्हणजे प्रत्यक्ष मारलेले फटके, जितके कमी तितकं चांगलं. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार त्याला मिळणारी फटक्यांची सवलत. समजा ८४ झाले आणि खेळाडूचा हँडिकॅप १२, तर नेट ७२. संघाच्या खेळात ही सवलत होलागणिक वाटली जाते. कार्डावर प्रत्येक होलला १ ते १८ असा अवघडपणाचा क्रमांक छापलेला असतो. हँडिकॅप १२ असेल तर १ ते १२ क्रमांकाच्या होलना एकेक फटका वजा. त्यामुळे होलला एकच स्कोअर धरलेल्या स्पर्धेत संघाचा स्कोअर ५६-५७ दिसला की 'मैदानावरचा विक्रम' असा मथळा देऊ नका. तो चार जणांच्या चांगल्या होलांचा गोळा आहे, एका माणसाचा खेळ नव्हे. शिवाय २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू व्हायला लागली, तेव्हा आधीचे आणि नंतरचे नेट आकडे शेजारी छापायचे तर खाली टीप हवी.

आता कागद. सगळ्यात मोलाचं म्हणजे स्कोअरकार्ड, आणि ते क्लबच्या कपाटापेक्षा घरच्या ट्रंकेत सापडण्याची शक्यता जास्त. मला मिळालेलं एक कार्ड चौघडी घातलेलं होतं, घड्यांवर घामाने पिवळं पडलेलं. पेन्सिलीने लिहिलेले आकडे, सातव्या होलवर ५ खोडून ४ केलेला आणि शेजारी मार्करची आद्याक्षरं. अशी खाडाखोड बघून संशय घेऊ नका. मार्कर म्हणजे दुसऱ्याचा स्कोअर लिहिणारा, आणि दुरुस्तीवर सही करणं ही चांगलीच सवय. बघायचं ते खाली खेळाडू आणि मार्कर दोघांच्या सह्या आहेत का. गोल्फमध्ये सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असला तरी तोच ग्राह्य. १९६८ च्या अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेत रोबेर्तो दे विसेंझोने सतरावा होल तीन फटक्यांत पूर्ण केला, मार्करने ४ लिहिले, त्याने न बघता सही केली. ६५ चे ६६ झाले, आणि बॉब गोल्बीशी प्लेऑफ (बरोबरी सोडवण्याचा जादा खेळ) खेळायची संधी एका फटक्याने गेली. तेव्हा कुणी वयोवृद्ध खेळाडू "माझे खरे एक्काहत्तरच होते हो" म्हणाला, तर ते त्याच्या नावाने आठवण म्हणून छापा. निकालात मात्र कार्डावरचाच आकडा.

वर्तमानपत्रांसाठी 'सावाना'त, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये जा. ते १८४० पासूनचं आहे, नाशिकचं वर्तमानपत्र 'गावकरी' १९३८ पासून निघतोय. जुने अंक कुठे, कोणत्या स्वरूपात बघायला मिळतील हे आधी विचारून घ्या. गोल्फची बातमी क्रीडा पानावरच असेल असं धरून चालू नका. ती बहुधा पाहुण्यांच्या बातमीत असते, अमुक साहेबांच्या हस्ते पारितोषिक वितरण म्हणून. शोधायला एक युक्ती: 'गोल्फ क्लब' या शब्दांवर थांबलात तर निम्मी कात्रणं क्रिकेटची आणि सभांचीच निघतील, कारण हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर आजही गोल्फ क्लबच म्हणतात. तिथे सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांपैकी गोल्फची काठी हातात धरलेला मला तरी कुणी भेटला नाही.

जुन्या इंग्रजी निकालांत एक खूण सांभाळून वाचा. हौशी खेळाडूच्या नावाआधी 'मिस्टर' आणि व्यावसायिकाचं नाव नुसतंच, अशी ब्रिटिश रीत होती. टाइप करताना सफाईच्या नादात सगळे 'मिस्टर' उडवलेत तर कोण हौशी आणि कोण व्यावसायिक ही माहितीच पुसली गेली. ही रेघ साधी नव्हती. व्यावसायिकाला कित्येक ठिकाणी क्लबहाउसमध्ये प्रवेश नसे. १९२० साली इंग्लंडात डील इथल्या ब्रिटिश ओपन स्पर्धेला अमेरिकन व्यावसायिक वॉल्टर हेगनने भाड्याची मोटार क्लबसमोर उभी करून तिच्यातच कपडे बदलले. आपल्याकडे व्यावसायिक घडले ते बरेचसे कॅडींमधून, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्यांमधून. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारे अली शेर मूळचे कॅडीच. त्यांच्या आधी ती जिंकणारे भारतीय म्हणजे १९६५ चे पी. जी. सेठी, आणि ते हौशी होते. हौशी विजेत्याला तेव्हा रोख रक्कम घेता येत नसे. म्हणून तुमच्या वहीत 'विजेता' आणि 'रोख बक्षीस कोणाला' हे दोन रकाने वेगळे हवेत. २०२२ पासून नियम सैल झालाय: हँडिकॅप नसलेल्या स्पर्धेत हौशी खेळाडू ७०० पौंडांपर्यंत रोख घेऊ शकतो. हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख नाहीच, वस्तू चालते.

म्हणूनच माझा आग्रह असा, की खेळाडूंच्या आधी कॅडींना भेटा. देवळाली-भगूरकडे विचारत गेलात तर जुने लोक भेटतात. "काका, त्या वर्षी कोण जिंकलं?" असं विचारू नका, ते सावध होऊन फलकावरचंच नाव सांगतील. "तुमच्याकडे कोणाची बॅग होती?" असं विचारा. मग काठ्या कोणत्या होत्या, कुठल्या होलला चेंडू नाल्यात गेला, साहेब कोणावर खेकसले, मजुरी किती मिळाली, सगळं धडाधडा येतं. साल मात्र येत नाही. ते तुम्ही लावायचं: "सिंहस्थाच्या आधी की नंतर?" म्हटलं की २००३ किंवा २०१५ चा खुंटा मिळतो. "गोदेला मोठा पूर आला ते वर्ष का?" म्हटलं की १९६९ किंवा २००८. स्पर्धा साधारण दिवाळीनंतर, गवत वाळायच्या आत घेतात, तेवढ्याने महिनाही जवळपास येतो. देवळालीच्या लष्करी हद्दीत मात्र परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका, इतिहास राहील बाजूला.

कॅडींकडूनच मैदानाची खरी हकिगत कळते. पूर्वी आपल्याकडे अनेक ठिकाणी ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक गवताची जागा, नव्हतेच, 'ब्राऊन' होते. वाळूत तेल मिसळून दाबलेली गोल जागा, पुटिंगआधी (चेंडू हलकेच खड्ड्याकडे घरंगळवण्याआधी) त्यावरून झाडू फिरवायचा. त्यावरचे पुट आणि गवतावरचे पुट यांची तुलना करू नये. नऊ होलांचं मैदान दोनदा खेळून अठरा केलेत का, तेही विचारा. चेंडूसुद्धा बदलला. १.६२ इंचांचा छोटा ब्रिटिश चेंडू १९९० मध्ये पूर्ण बंद झाला, त्याआधी तो आणि १.६८ इंचांचा, दोन्ही चालत. एवढं समजल्यावर 'सर्वकालीन नीचांकी स्कोअर' हा तक्ता छापायचा मोह आपोआप कमी होतो. छापायचाच असेल तर मैदानाच्या प्रत्येक बदलापाशी रेघ मारून तुकडे पाडा.

छपाईआधी मुद्रितं तीन जणांना दाखवा: एक खेळाडू, एक कॅडी, एक गोल्फ न कळणारा. तिसऱ्याच्या शंका सगळ्यात कामाच्या. ज्या वर्षाचं काहीच सापडलं नाही तिथे 'नोंद मिळाली नाही' असं स्वच्छ लिहा. सचिव म्हणतील बरं दिसत नाही, तरी लिहाच. ती ओळ वाचूनच कुणीतरी ट्रंक उघडतं. प्रकाशनाच्या दिवशी दारात एक वही आणि पेन ठेवा, चुका सांगणारे तिथे रांग लावतात. मूळ कार्ड ज्याचं त्याला परत करा, दोन्ही बाजूंचं स्कॅन काढून. आणि छापील प्रत वाचनालयात द्यायला विसरू नका.