ड्रॉइंगवर होलची जागा आणि तिची टॉलरन्स कशी द्यावी

होलच्या जागेला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) म्हणून सवयीने ±०.१ लिहिण्याआधी त्या होलमधून काय जाणार आहे ते पाहावे, कारण टॉलरन्सचा आकडा तिथूनच निघतो. उदाहरण म्हणून, चार एम ८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टने बेसवर बसणारी एक पोलादी प्लेट घेऊ. प्लेटमधील होल ९.० ते ९.२ मिमी व्यासाचे आहेत आणि बेसमध्ये एम ८ चे टॅप (आटे पाडलेले होल) आहेत.

सर्वप्रथम डेटम, म्हणजे मापे जिथून घ्यायची ते संदर्भ पृष्ठभाग, ठरवावेत. बेसवर टेकणारा पृष्ठभाग ए, लांब कड बी आणि आखूड कड सी, असा क्रम येथे योग्य ठरतो. मात्र जोडणीत प्लेट ज्या कडांना टेकते त्याच कडा निवडाव्यात, केवळ मोजायला सोप्या म्हणून दुसऱ्या नव्हेत. त्यानंतर प्रत्येक होलचे अंतर याच कडांपासून द्यावे. एका होलपासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा अशी साखळी लावली आणि प्रत्येक अंतराला ±०.१ दिले, तर पहिल्या आणि चौथ्या होलमधील फरक ±०.३ पर्यंत जाऊ शकतो.

पोझिशन टॉलरन्स (होलचे केंद्र आदर्श जागेभोवतीच्या किती व्यासाच्या वर्तुळात असावे ही मर्यादा) वापरताना ही अंतरे चौकटीत लिहावीत, म्हणजे ती आदर्श मापे ठरतात आणि त्यांना शीर्षकपट्टीतील सर्वसाधारण टॉलरन्स लागू होत नाही. चुकीची सारी मुभा मग होलच्या मापाखाली टॉलरन्स लिहिण्यासाठी असलेल्या पट्टीत, म्हणजे फ्रेममध्ये, येते.

तो आकडा असा काढावा: सर्वांत लहान होल ९.०, बोल्ट जास्तीत जास्त ८.०, म्हणून उरलेली जागा १.० मिमी. बेसमध्ये टॅप असल्यामुळे बोल्ट हलू शकत नाही आणि हा १ मिमी प्लेट व बेस यांच्यात वाटावा लागतो. प्रत्येकी व्यास ०.५ ही सोपी वाटणी आहे, तरी टॅप केलेल्या होलला ०.६ आणि प्लेटला ०.४ देणे अनेकदा शहाणपणाचे असते. दोन्ही भागांत आरपार मोकळे होल आणि नट-बोल्ट असता, तर प्रत्येकाला पूर्ण १.० देता आला असता. टॅपचा होल तिरका गेल्यास बोल्ट वर येईपर्यंत आणखी सरकतो, त्यामुळे तेथे प्लेटच्या जाडीइतका प्रोजेक्टेड झोन (होलच्या वर, बोल्टच्या बाहेर आलेल्या भागाला लागू होणारे टॉलरन्सचे क्षेत्र) दाखवणे आवश्यक आहे.

वर्तुळाकार क्षेत्राचा फायदा तपासणीत दिसतो. समजा टॉलरन्स ०.५ आहे आणि सीएमएमवर (बिंदूंचे निर्देशांक मोजणाऱ्या यंत्रावर) होल एका दिशेला ०.२०, तर दुसऱ्या दिशेला ०.१५ सरकलेला आढळला. केंद्र ०.२५ ने सरकले आहे, म्हणजे पोझिशन त्याच्या दुप्पट, ०.५०, जॉब पास. याच वर्तुळात मावणारा चौकोन जेमतेम ±०.१७ चा असतो आणि त्या हिशेबाने हाच होल रिजेक्ट झाला असता, जरी बोल्ट त्यातून व्यवस्थित गेला असता. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्या चौकोनापेक्षा सुमारे ५७ टक्के अधिक असते.

फ्रेममध्ये आकड्यापुढे वर्तुळातील एम हे चिन्ह दिल्यास होल जितका मोठा होईल तितकी जागेची मुभा वाढते: होल ९.२ निघाला, तर ०.५ ऐवजी ०.७ चालते. केवळ बोल्ट आत जावा एवढीच अपेक्षा असलेल्या होलला हे चिन्ह जरूर द्यावे. डॉवेल पिनसाठी (दोन भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या पिनसाठी) रीम केलेल्या, म्हणजे अचूक व्यासाला आणलेल्या, होलला ते देऊ नये, कारण तेथे होलच भागाची जागा ठरवतो. त्याच्यासाठी वेगळी आणि बरीच कडक फ्रेम लिहावी.